कॅमेरून मार्चमध्ये हरलं होतं

आमच्या घरात जगाच्या बातम्या दोन-तीन महिने उशिरा यायच्या, आणि त्याही किलोवर. घाटनांदूरच्या बाजारपेठेत आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, किराणा दुकान होतं. प्लास्टिकच्या पिशव्या गावात आल्या होत्या, पण आप्पांचा जीव पुडीवर. हळद, जिरं, पावशेर साखर, सगळं पुडीत, आणि पुडी म्हटली की रद्दी आली. महिन्या-दीड महिन्यातून एकदा अंबाजोगाईच्या खलीलचाचांच्या दुकानातून सुतळीनं आवळलेले गठ्ठे यायचे. चाचांकडे माल हैदराबादचा, त्यामुळे गठ्ठ्यात मराठी कमी आणि उर्दू-इंग्रजीच जास्त. गठ्ठा आला की दुकानामागच्या खोलीत तो सोडायचा, पानं सुटी करायची, चौकोन फाडायचे आणि आकारानुसार लावून ठेवायचे, हे काम माझ्याकडे आणि अक्काकडे होतं. त्यात आप्पांचा एक दंडक असा की कागदावर देवाचं चित्र असेल तर तो बाजूला काढायचा. त्यात तिखट किंवा तंबाखू बांधायची नाही. गणपतीच्या दिवसांतले पेपर दिवाळीनंतर यायचे तेव्हा निम्मा गठ्ठा बाजूलाच पडायचा आणि आई कपाळाला हात लावायची.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण महानंदा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण वागायची दहा वर्षांनी मोठी असल्यासारखी. पुडी बांधण्यात तिचा हात आप्पांपेक्षा भराभर चालायचा. आमच्या त्या खोलीत दुपारी पलीकडून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज यायचा, पुढून तराजूच्या साखळ्या वाजायच्या, आणि गिऱ्हाईक नसलं की आप्पा पुटपुटत जप करायचे तो ऐकू यायचा. परळीकडची गाडी शिट्टी द्यायची आणि आई न चुकता म्हणायची, "आज बी उशीरच." खोलीला गुळाचा आणि घाण्याच्या तेलाचा वास. आजही कुठे जुन्या किराणा दुकानात शिरलो की माझा हात आपोआप कागद चाचपायला जातो. बायको हसते.

अशाच एका दुपारी मला तो फोटो सापडला. एक माणूस जमिनीपासून चार फूट वर, आडवा, पाय डोक्याच्या वर, आणि पायाला लागून चेंडू. मी हरखून गेलो. खाली इंग्रजी. माझं इंग्रजी म्हणजे आनंदीआनंद होता, पण अक्का तेव्हा अकरावीला होती आणि तिचं इंग्रजी अख्ख्या शाळेत पहिल्या नंबरचं. तिनं वाचून सांगितलं की हा फुटबॉल आहे, देश अमुक, सामना तमुक. "आनि मंग जिंकलं कोन?" मी विचारलं. कागद तिथंच फाटलेला होता. पुढचा तुकडा शोधायला मी सगळा गठ्ठा उलथापालथा केला आणि आप्पांचा मार खाल्ला. तिथून माझं वेड सुरू झालं.

दोनशे पानी वही घेऊन मी त्यात जगाचं फुटबॉलचं वर्ष लिहायला लागलो. एका पानावर युरोप, एकावर दक्षिण अमेरिका, एकावर आफ्रिका, आशियाला मागची दोन पानं. देशांच्या स्पर्धा निळ्या शाईनं, क्लबांच्या लाल. रद्दी काही तारखेवार येत नसते, त्यामुळे आम्हाला आधी वरात दिसायची आणि मग साखरपुडा. अंतिम सामन्याचा निकाल श्रावणात मिळायचा आणि उपांत्य सामना कसा झाला ते दसऱ्याला. त्या वर्षी युरोपातले क्लबांचे तिन्ही मोठे कप इटलीच्याच क्लबांनी नेले, हे मला तीन वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून कळलं, त्यातला एक कागद तर शेंगदाण्याच्या फोलपटांत निघाला होता. गावात हे ज्ञान कुणाला सांगायची सोय नव्हती. घाटनांदुरात फुटबॉल म्हणजे शाळेच्या कपाटात कुलपात ठेवलेली एक वारा गेलेली वस्तू होती.

ऐकायला होती ती फक्त अक्का. खरं तर तीच ऐकवायची. तिला मास्तरीण व्हायचं होतं आणि सरावासाठी तिला घरात मी एकटाच विद्यार्थी मिळालेला. सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर तिनं जगाचा नकाशा काढला होता. हातात मोजपट्टी घेऊन म्हणायची, "पॅराग्वे कुठं हाय दाखव, मंगच धपाटं." मी ब्राझीलच्या आसपास कुठंतरी बोट ठेवायचो. ती बोट धरून जागेवर न्यायची, आणि मग ताटात धपाटं, त्यावर शेंगाची चटणी, वर दही. फुटबॉलशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. पण बातमी वाचून झाली की ती मला विचारायची, "तुला काय कळलं ते सांग," आणि मी सांगेपर्यंत पुढचा कागद हातात घ्यायची नाही. मी पुढे तीस वर्षं शाळेत शिकवलं. त्यातलं निम्मं त्या खोलीतलं आहे.

ती बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. त्या काळी आमच्याकडे मुलीनं डी.एड. करायचं म्हणजे घराचं नाव काढायचं. पण आमच्या समाजातल्या दुकानदारांच्या मुली फार तर दहावीपर्यंत शिकायच्या, मग बिदर-लातूरकडच्या एखाद्या दुकानदाराच्या घरी जायच्या. आप्पांना भावकीनं दोन स्थळं सुचवलीही होती. अक्का आठ दिवस रडली नाही, भांडली नाही, फक्त आप्पांशी कामापुरतंच बोलली. मग एका सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळावरची विभूती ओली असतानाच आप्पा आईला म्हणाले, "एक बार फारम भरू दे तिला. नंबर लागला तर शिकंल. न्हाई लागला तर दिवाळी झाली की उजवायचं. मंग मला कुनी काई बोलायचं न्हाई." अक्का चुलीपाशी होती. तिनं ऐकलं आणि तव्यावरची भाकरी करपू दिली. एवढ्या वर्षांत तिची करपलेली भाकरी मी तेवढी एकच खाल्ली.

नेमकी त्याच महिन्यात वर्ल्डकपला सुरुवात झाली. दवाखान्याच्या डॉक्टरांकडे टीव्ही होता, त्यांच्या ओसरीत बसून आम्ही पंधरा-वीस जणांनी पहिला सामना बघितला. जगज्जेती अर्जेंटिना एकीकडे आणि कॅमेरून दुसरीकडे. कॅमेरूनचे दोन खेळाडू पंचांनी बाहेर काढले, शेवटी नऊच जण उरले, तरी त्यांनी अर्जेंटिनाला हरवलं. मी घरी येऊन अक्काला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "कॅमेरून? त्यांचं नाव वाचलंय मी कुठंतरी. ते तर त्यांच्या आफ्रिकेतच पडले होते की. मार्चातला कागद होता. जिऱ्याच्या पुडीला गेला." माझी झोप उडाली. आपल्या गल्लीत हरलेला माणूस जगज्जेत्याला पाडतो, हे कसं? माझ्या वहीत आफ्रिकेचं पान कोरं होतं. पुढे कॅमेरूननं रुमानियाला हरवलं, कोलंबियाला हरवलं, आणि मला दिवसरात्र एकच ध्यास लागला की मार्चातले कागद पाहिजेत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. इथपर्यंत रमतगमत आलो, कारण पुढे जायचं जिवावर येतं.

अक्कानं फॉर्म तीन संध्याकाळी बसून भरला होता. आधी कच्च्या कागदावर, मग शाईच्या पेनानं. तिचा फोटो डिंकानं चिकटवला होता. त्यासाठी ती आयुष्यात पहिल्यांदा स्टुडिओत गेलेली, आणि फोटोत तिनं श्वास रोखून धरलेला साफ दिसत होता. रहिवासाचा दाखला तहसीलमधून उशिरा मिळाला म्हणून फॉर्म द्यायचा तो शेवटचा दिवस उजाडला. अंबाजोगाईला एका शाळेत पाच वाजेपर्यंत अर्ज घेणार होते. नेमके त्याच दिवशी आमच्या घरी स्वामी, म्हणजे आमचे जंगम गुरू, जेवायला येणार होते. पाद्यपूजा, पुरणाचा स्वयंपाक, दहा माणसं. आप्पांना घर सोडता येईना, अक्काला चूल सोडता येईना. मी सोळा वर्षांचा घोडा रिकामा होतो. आप्पा म्हणाले, "जातोच हाईस तर खलीलभाईकडून रद्दी बी आन."

अक्कानं फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रुमाल गुंडाळून माझ्या हातात दिला. यष्टीपर्यंत सोबत आली. तिच्या हाताला पुरणाचा वास होता. "आधी फारम," ती म्हणाली. "मंग रद्दी. काय म्हनले मी?"

"आधी फारम, मंग रद्दी."

"पावती घे."

"घेतो गं."

अंबाजोगाईला उतरलो तेव्हा दोन वाजायचे होते. शाळा स्टँडपासून वीस मिनिटं, आणि खलीलचाचांचं दुकान वाटेवरच. मला शपथेवर विचारलंत तरी सांगेन, मी फक्त गठ्ठे बांधून ठेवा एवढं सांगायला आत शिरलो. चाचा म्हणाले, "नवा माल आलाय बेटा, हैदराबादचा. सोडला बी न्हाई अजून. बघ तुझे गेंदवाले." त्यांना माझं वेड माहीत होतं. मी पहिला गठ्ठा सोडला. वरचाच पेपर मार्चचा.

त्यानंतरचे तीन तास मला अजून मिनिटामिनिटानं आठवतात आणि एक सबंध क्षण म्हणूनही आठवतात. मी पोत्यांवर बसून एक-एक पान काढत गेलो. खेळाच्या पानाच्या कोपऱ्यात, क्रिकेटच्या खाली, चार-चार ओळी. झांबियाकडून हरले. दुसऱ्या पेपरात, सेनेगलकडून हरले. मधला एक दिवस सापडेना म्हणून दुसरा गठ्ठा सोडला, मग तिसरा. केनियाविरुद्ध जिंकले, पण तोवर उशीर झाला होता, गटातच बाद. कप नेला अल्जीरियानं. मी शब्द जुळवून जुळवून वाचत होतो आणि मनात म्हणत होतो, अक्काला दाखवू, ती नीट वाचेल. तिनं वाटेसाठी बांधून दिलेली धपाटी मी तिथंच बसून खाल्ली. फॉर्मची पिशवी माझ्या मांडीवर होती. तिच्यावरच कागद ठेवून मी वाचत होतो. विसरलो होतो असंही म्हणता येत नाही. मधे दोनदा माझ्या मनात आलं, आता उठावं. एवढं पान बघतो आणि उठतो, असं मी दोन्ही वेळा स्वतःला सांगितलं.

मशिदीतून अजान झाली. चाचा टोपी घालून उठले. "मी नमाजाला चाललो. तू बस. तुला काय काम हाय का गावात?" मी विचारलं, किती वाजले. "पाच होऊन गेले की, बेटा."

मी पळालो. शाळेपाशी पोचलो तेव्हा फाटकाचा एक दरवाजा लावलेला होता आणि शिपाई दुसऱ्याला हात घालून उभा होता. मी धापा टाकत फॉर्म पुढे केला. तो म्हणाला, "टायम झाला. कावून उशीर केलास बे?" मी फॉर्म आणखी पुढे केला. त्याला माझी दया आली असावी. तो म्हणाला, "सायब आत हायेत अजून, गठ्ठे बांधायलेत. जा, विचार. घेतील बी एखाद्या वक्ती."

मी गेलो नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात मला लाज वाटावी असं बरंच आहे, पण एवढं दुसरं काही नाही. साहेब विचारतील, उशीर का झाला, आणि मला रद्दी वाचत होतो असं सांगावं लागेल, याची मला भीती वाटली. शिपाई अर्धा दरवाजा धरून थांबला होता. मी मान हलवून परत फिरलो. मागून फाटक लागल्याचा आवाज आला.

यष्टीत गठ्ठ्यांवर बसून मी खोटं तयार केलं. घरी अक्का दारातच उभी. स्वामी जेवून गेले होते, अंगणात पत्रावळी पडल्या होत्या. "दिलास?"

"दिला."

"पावती?"

"पावती न्हाई देत म्हनले. यादी लागंल, तिच्यात बघा."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जेव. पुरनपोळी ठिवलीया तुझी." मी चार पोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत मी तो फॉर्म घातला. शाई जळताना हिरवी दिसली. फोटो जरा वेळ तसाच राहिला, मग वळला.

यादी लागली तेव्हा आप्पा स्वतः तिला घेऊन गेले. मीही होतो, नको म्हणायला कारण सापडलं नव्हतं. भिंतीवर डकवलेल्या यादीवर आप्पा बोट ठेवून एक-एक नाव वाचत होते. त्यांचं वाचन हळू. खालपर्यंत गेले, परत वर आले, परत खाली. आमच्याच गावच्या सुमनचं नाव होतं, तिला अक्कापेक्षा मार्क कमी. आप्पांनी आतल्या माणसाला हात जोडून विचारलं, "एकडाव परत बघा की सायब." अक्का लांब उभी राहून आप्पांकडे बघत होती, यादीकडे नाही. मला ते तेव्हा विचित्र वाटलं, पण माझं सगळं लक्ष आप्पांच्या बोटाकडे होतं, मी त्याचा विचार केला नाही.

त्याच आठवड्यात तिनं मला मार्चातले ते कागद वाचून दाखवले. मी सांगितलं नव्हतं, तिनंच गठ्ठ्यातून वेगळे काढून ठेवले होते. झांबिया, सेनेगल, केनिया. नकाशावर दाखवलं. शेवटी विचारलं, "तुला काय कळलं ते सांग." मी काही सांगू शकलो नाही, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिनं मला सोडून दिलं.

दिवाळीनंतर तिला केजला दिलं. कापडाचं दुकान, माणसं भली. दाजींनी तिला कधी दुखवलं नाही. तिचं वाईट झालं नाही, आणि हेच वाक्य मी पस्तीस वर्षं स्वतःला औषधासारखं पाजत आलो. वही मात्र मी पूर्ण केली, हेही कबूल करतो. वर्षअखेरी दक्षिण अमेरिकेतला क्लबांचा कप पॅराग्वेच्या क्लबनं नेला, तो लाल शाईनं लिहिला. दोन वर्षांनी आप्पांनी मला डी.एड.ला घातलं. मी पहिल्याच दिवशी जाऊन फॉर्म दिला. पावती घेतली. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो. पहिल्या दिवशी वर्गात शिरलो, पोरं उभी राहून "नमस्ते गुरुजी" म्हणाली, आणि मला वाटलं, आता कुणीतरी येऊन म्हणणार, ही जागा तुझी नाही, ऊठ. कुणी आलं नाही.

लग्नानंतर अक्का माहेरी कमी यायची. आली की आईपाशी बसायची. आप्पांना वाकून नमस्कार करायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. आप्पा एकदा मला म्हणाले, "पोरगी परकी झाली रे," आणि मी म्हणालो, सासरी गेल्यावर होतच असतं. आप्पा गेले तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून समाधी दिली. सगळ्यांनी पुढे होऊन विभूती टाकली, बेलाचं पान वाहिलं. अक्का बायकांच्या मागे उभी होती. तिला कुणीतरी पान दिलं, ते तिच्या हातातच राहिलं. मला वाटलं, सोसवत नसेल.

आठवणींचं हे प्रकरण लिहायला घेतलं आणि रद्दीच्या दुकानापाशी येऊन अडलं. महिनाभर अडलं. ज्या बाईचं हे आहे तिला न सांगता परक्यांना सांगायचं, हे काही बरं दिसेना. गेल्या महिन्यात केजला गेलो. अक्काचे गुडघे गेलेत, डोळे शाबूत आहेत. नातू मोबाइलवर कुठलासा सामना बघत होता, त्याला तिनं बाहेर पिटाळलं. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. खलीलचाचा, मार्चचे पेपर, फाटक, शिपाई, चूल. तिच्या हातात निवडायची डाळ होती. ती निवडत राहिली.

"पावती न्हाई म्हनलास ना," ती शेवटी म्हणाली, "तवाच खटकलं मला. चार दिवसांनी सुमननं तिची पावती दाखवली. मंग कळलंच."

"मंग बोलली कावून न्हाईस?"

"तुला काय बोलू? तू तर लेकरू. मला वाटलं, आप्पानंच तुला सांगितलं आसंल. देऊ नको म्हनून."

मी वर बघितलं. तिचा हात थांबला होता.

"यादीवर बोट फिरवीत होते तवा मला वाटलं, काय सोंग करायलाय हा मानूस. स्वतःच पोराला सांगून फारम बुडवला, आनि आता हात जोडायलाय. मला लई राग आला होता. तो गेलाच न्हाई."

"आप्पांना काईच माहीत नव्हतं, अक्का. त्यांना शेवटपर्यंत कुनी सांगितलं न्हाई."

"आता कळलं की," ती म्हणाली.

बाहेर नातू कुणाशी तरी ओरडून बोलत होता. मग ती डाळीचं ताट बाजूला सारून म्हणाली, "ते आजारी होते तवा मी आलते, तुला आठवतंय? तू औषध आनायला गेलतास. त्यांनी मला हाक मारली. दोनदा. मी सैपाकघरात होते. मला ऐकू आलं होतं."

मी काही बोलायचा प्रयत्न केला. तिनं हातानं थांबवलं. आयुष्यभर मी तिच्या रागाची तयारी करून ठेवली होती, शिवीची, हाकलून देण्याचीसुद्धा. तिनं त्यातलं काहीच केलं नाही. पदरानं तोंड पुसलं, भिंतीवर लावलेल्या दाजींच्या आई-वडिलांच्या तसबिरींकडे बघितलं, आणि लहानपणी कागद मागायची तशा साध्या आवाजात म्हणाली, "आप्पांचा एखादा फोटो हाय का रे तुझ्याकडं? माझ्याकडं एक बी न्हाई."